ज्याँ लेओनार मारी प्वाझय (१७९७–१८६९)

स्मरणिकेसाठी चरित्रलेख लिहिण्याचे काम संपादक मंडळ आमच्याकडे सोपवते, तेव्हा बहुधा एखाद्या समाजसुधारकाचे नाव ठरलेले असते. या वेळी मंडळाची परवानगी घेऊन आम्ही वाट थोडी बदलली आहे. कारण घडले ते असे. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. मागील हंगामात तो शाळेत आला असता वसतिगृहातील मुलांनी त्याला विचारले की, पाण्याचा पाइप मनगटाएवढा पुरतो, मग मळीचा पाइप मांडीएवढा कशाला लागतो, आणि थंडीच्या पहाटे ती मळी पुढे सरकायला इतका त्रास का देते. त्याने उत्तरादाखल फळ्यावर एक सूत्र लिहिले, त्याखाली एका फ्रेंच माणसाचे नाव लिहिले आणि नावापुढे १८४० च्या सुमाराचा सन घातला. इतिहासाच्या शिक्षकाला सूत्राशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. आमचे लक्ष त्या सनाकडे गेले. त्या काळचे फ्रान्स आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत; हा माणूस मात्र आमच्या कोणत्याही टिपणात नव्हता.

१९३४ साली स्थापन झालेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्यामुळे श्रीपूर हे नाव जिल्ह्याबाहेर गेले. आमच्या अनेक पालकांचे आयुष्य ऊसतोडीत, बॉयलरवर किंवा मळीच्या टाक्यांभोवती गेले आहे. दाट द्रव नळीतून ढकलणे म्हणजे काय, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. त्या कष्टामागचा हिशेब ज्याने प्रथम काटेकोरपणे मांडला, त्याची ही हकिकत आहे. आपल्याकडील विद्यार्थी हे नाव इंग्रजी स्पेलिंगवरून कसेही उच्चारतात. फ्रेंच उच्चार प्वाझय असा आहे.

ज्याँ लेओनार मारी प्वाझय यांचा जन्म २२ एप्रिल १७९७ रोजी पॅरिस येथे झाला. वडील ज्याँ बाप्तिस्त हे सुतार होते. राज्यक्रांतीला आठ वर्षे होत आली होती. राजा गेला होता, सरदारांचे जन्मसिद्ध हक्क कागदावर तरी संपले होते आणि नव्या राजवटीला कुळापेक्षा बुद्धीची गरज अधिक भासत होती. या गरजेतूनच १७९४ साली एकोल पोलितेक्निक ही संस्था निघाली. तेथे प्रवेश स्पर्धापरीक्षेने मिळे. बाप कोण, हा प्रश्न परीक्षेच्या कागदावर नव्हता. १८१५ च्या शरद ऋतूत अठरा वर्षांचे प्वाझय या संस्थेत दाखल झाले. ज्यांच्या नावाने आज विजेचा प्रवाह मोजतात ते अँपिअर, गणिती कोशी, खगोलशास्त्रज्ञ आरागो आणि भौतिकीचे अध्यापक पेती अशी मंडळी तेथे शिकवीत होती. सुताराचा मुलगा या माणसांसमोर बाकावर बसला, याचा अर्थ या स्मरणिकेच्या वाचकांना उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही.

हे शिक्षण जेमतेम काही महिने टिकले. १८१५ च्या जूनमध्ये वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव झाला होता आणि बूर्बाँ घराण्याचा अठरावा लुई पुन्हा गादीवर बसला होता. पोलितेक्निकच्या विद्यार्थ्यांची मने क्रांतीकडे आणि नेपोलियनकडे झुकलेली होती. त्यांची शिस्त बिघडल्याचे निमित्त झाले आणि १३ एप्रिल १८१६ रोजी राजाज्ञेने संस्था बंद करून सर्व विद्यार्थ्यांना घरी पाठविण्यात आले. एका सहीने शेकडो तरुणांची पुस्तके मिटली गेली. पुढील वर्षी संस्था पुन्हा उघडली, पण प्वाझय परतले नाहीत. ते वैद्यकाकडे वळले. या वळणामागे नाइलाज किती आणि आवड किती, याचा निवाडा आम्ही करीत नाही. एवढे मात्र दिसते की गणित आणि भौतिकी त्यांनी मागे टाकली नाही; ती ते आपल्यासोबत दवाखान्यात घेऊन गेले. आमच्याकडे भीमा कोरेगावची लढाई होऊन पेशवाई अखेरच्या घटका मोजत होती, त्या सुमारास हा वीस वर्षांचा तरुण पॅरिसमध्ये शरीरशास्त्राचे धडे गिरवीत होता.

वैद्यकातील पदवीसाठी १८२८ साली त्यांनी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय होता हृदयाचा जोर. रक्ताचा दाब मोजण्याचा प्रयत्न त्यापूर्वी जवळजवळ शंभर वर्षे आधी इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने केला होता. त्याने घोडीच्या रोहिणीला काचेची उभी नळी जोडली, तेव्हा रक्त आठ फुटांहून अधिक वर चढले. एवढी उंच नळी सांभाळणे कठीण, आणि रक्त लवकर गोठून जाई. प्वाझय यांनी इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची नळी घेतली आणि तिच्यात पारा भरला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड; त्यामुळे आठ फुटांचे काम वीतभर उंचीत होऊ लागले. रक्त आणि पारा यांच्यामध्ये त्यांनी पोटॅशियम कार्बोनेटचे द्रावण ठेवले, म्हणजे रक्त गोठत नसे. या साधनाने त्यांनी कुत्रे आणि घोडे यांच्या रोहिण्यांतील दाब मोजला. हृदयापासून दूर जाताना दाब झपाट्याने उतरत असावा, अशी समजूत होती. दोन मिलिमीटर व्यासाच्या रोहिणीपर्यंत तो फारसा कमी होत नाही, असे त्यांना आढळले. आजही डॉक्टर पालकांना रक्तदाब सांगताना पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. बाहूला पट्टा बांधून दाब मोजण्याचे साधन पुष्कळ पुढचे, १८९६ चे. परंतु पाऱ्याची ती उंची वैद्यकात आणली सुताराच्या या मुलाने. विज्ञान अकादमीने या कामाबद्दल त्यांचा सुवर्णपदक देऊन गौरव केला.

मोठ्या रोहिण्यांत दाब उतरत नाही, मग तो उतरतो कोठे? सूक्ष्म वाहिन्यांत, केशनलिकांत. बेडकासारख्या प्राण्यांच्या पारदर्शक पडद्यांतून त्यांनी सूक्ष्मदर्शकाने वाहते रक्त न्याहाळले आणि १८३५ साली आपली निरीक्षणे मांडली. नलिकेच्या मध्यभागी रक्तकण वेगाने धावत होते आणि भिंतीलगत द्रवाचा एक पातळ थर जवळपास निश्चल होता.

येथे वाचकांनी घटकाभर थांबावे, कारण पुढचे सर्व गणित या थरात आहे. आपल्या माळशिरस तालुक्यातून नीरा उजवा कालवा जातो. त्यात काठाजवळ एक वाळके पान टाकावे आणि मध्यभागी दुसरे टाकावे. मधले पान पाहता पाहता पुढे निघून जाते, काठचे रेंगाळते. द्रव भिंतीला चिकटतो. चिकटलेला थर शेजारच्या थराला मागे ओढतो, तो त्याच्या शेजारच्याला. थरांच्या या परस्पर ओढीला मराठीत श्यानता म्हणतात. दुधाची श्यानता थोडी, गोडेतेलाची अधिक, काकवीची त्याहून कितीतरी अधिक. पाण्यालाही ती असतेच. नळी जितकी अरुंद, तितका तिच्यातील प्रत्येक थेंब भिंतीच्या जवळ, म्हणून तितका अडखळलेला.

या अडखळण्याचे माप काढायचे, तर जिवंत प्राण्यात ते शक्य नव्हते. रोहिणी लवचीक असते, हृदय ठोके देते, रक्त बाहेर येताच गोठते. प्वाझय यांनी धाडसाने विषय सोपा केला: प्राण्याऐवजी काचेची नळी, रक्ताऐवजी ऊर्ध्वपातित पाणी, हृदयाऐवजी दाबलेली हवा. १८३८ च्या सुमारास त्यांनी हे प्रयोग हाती घेतले. नळ्यांचा आतील व्यास सुमारे ०.०१५ मिलिमीटरपासून ०.६ मिलिमीटरपर्यंत होता. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर धरली, तर त्यांची सर्वांत बारीक नळी केसाच्या पाचव्या हिश्श्याएवढी होती. असल्या नळीत धुळीचा एक कण गेला तरी दिवसाचे काम फुकट. पाणी गाळून घ्यायचे, नळी पाण्याच्या कुंडात ठेवून तापमान स्थिर राखायचे, दोन खुणांमधले ठरावीक पाणी बाहेर पडण्यास किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचे. मग दाब बदलून पुन्हा तेच. मग तीच नळी थोडी तोडून आखूड करायची आणि पुन्हा तेच. आम्ही प्रयोगशाळेतले नव्हे. तरी दप्तरखान्यातील जुन्या नोंदी ताडून पाहताना डोळे शिणतात त्याची कल्पना आहे. या माणसाने ते काम वर्षानुवर्षे केले.

त्यातून निष्पन्न झाले ते असे. दाब दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होतो. नळीची लांबी दुप्पट केली की प्रवाह निम्मा होतो. येथवर कोणासही नवल वाटू नये. परंतु व्यास दुप्पट केला तर प्रवाह सोळापट होतो, आणि व्यास निम्मा केला तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. याचे कारण आता कालव्यातल्या पानांवरून समजते. व्यास दुप्पट झाला की तोंडाचे क्षेत्रफळ चौपट होते, हे एक. दुसरे असे की मधला द्रव भिंतीपासून अधिक दूर जातो, आणि त्यामुळे त्याचा सरासरी वेगही चौपट होतो. चार चोक सोळा.

तापमानाचा परिणामही त्यांनी सोडला नाही. शून्य अंशापासून ४५ अंश सेल्सिअसपर्यंत पाणी तापविले, तर त्याच नळीतून त्याच दाबाने सुमारे तिप्पट पाणी येते. कारण तापलेल्या पाण्याची श्यानता तिसऱ्या हिश्श्यावर उतरते. पाण्याची ही गत, तर मळीची काय असेल? मळीची श्यानता पाण्याच्या हजारो पट असते आणि ती ऊन-थंडीला फार संवेदनशील असते. थोडी ऊब दिली की मळी सैल होते, पहाटेच्या गारठ्यात ती हटून बसते. कारखान्यात तिला ऊब देऊन मोठ्या पाइपातून नेतात, त्याचे कारण हेच. मुलांच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या एका सूत्रात होती.

आणि या सूत्राने आम्हांला आमच्या बालपणीच्या एका नळाकडे नेले. ज्या वस्तीत आम्ही वाढलो, त्या गावाचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. गावात दोन इंची लाइन आली. वस्ती गावाच्या शेवटाला. तेथे त्या लाइनीच्या टोकाला अर्धा इंची पाइप जोडून लांबवर नेला आणि एक तोटी बसवून दिली. नळ दिला, ही गोष्ट खरी. संध्याकाळी तोटीतून करंगळीएवढी धार येई आणि मग तीही तुटे. पाणीच कमी आहे, असे सांगितले जाई. बायका एकमेकींच्या घागरी मागे सारून भांडत, आणि वस्तीतल्या बायका भांडकुदळ अशी ख्याती मात्र गावभर पसरली. हा लेख लिहिताना आम्ही आमच्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यास ते गणित घातले. त्यांनी प्रथम आमची चूक दाखविली. गावच्या नळात पाणी वेगाने आणि भोवरे घेत जाते. प्वाझय यांचा नियम थराथराने शांत वाहणाऱ्या प्रवाहाचा आहे, तो तेथे जसाच्या तसा लावता येत नाही. भोवऱ्यांच्या प्रवाहात व्यास निम्मा झाल्यास पाणी सोळाव्या हिश्श्यावर येत नाही, साधारण सहाव्या हिश्श्यावर येते. पण दोन इंचांचा अर्धा इंच म्हणजे व्यासाचा चौथा हिस्सा. तेवढाच दाब आणि तेवढीच लांबी धरली, तरी पाणी तीस-चाळिसाव्या हिश्श्यावर येणार. आमच्या आईच्या पिढीने एकमेकींशी घातलेला वाद खरे तर त्या पाइपाच्या मापाशी घालायचा होता. पाइप कोणत्या मापाचा टाकायचा हे ठरले, तेव्हा वस्तीतले कोणी तेथे बसलेले नव्हते.

शांत आणि भोवऱ्यांच्या प्रवाहातील हा भेद प्वाझय यांच्या मृत्यूनंतर १८८३ साली मँचेस्टर येथील ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी नळीत रंगाची बारीक धार सोडून स्पष्ट केला. मळी, वंगण, बारीक सुईतून जाणारे औषध येथे प्वाझय यांचे राज्य. गावच्या नळात त्यांचे चालत नाही. अत्यवस्थ रुग्णाला सलाइन झपाट्याने द्यायचे असते तेव्हा परिचारिका जाड आणि आखूड सुई निवडते. आमच्या किती तरी माजी विद्यार्थिनी आज परिचारिका आहेत. चौथा घात त्यांच्या बोटांत आहे.

या शोधात ते एकटे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. प्रशियातील जलअभियंता गोटहिल्फ हागेन यांनी पितळेच्या नळ्यांवर स्वतंत्रपणे प्रयोग करून १८३९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोघांना एकमेकांच्या कामाचा पत्ता नव्हता. योगायोग असा की हागेन यांचाही जन्म १७९७ चाच. म्हणून पुष्कळ ग्रंथांत हा नियम हागेन-प्वाझय या जोडनावाने येतो. प्वाझय यांनी श्यानता ही वेगळी राशी म्हणून सूत्रात मांडली नव्हती. त्यांच्याकडे तापमानानुसार बदलणारा एक स्थिरांक होता. त्यामागची गणिती सिद्धता १८६० च्या आसपास इतरांनी दिली. आमच्या मते यामुळे त्यांचे मोल उणावत नाही. सिद्धता देणाऱ्यांना आपले उत्तर बरोबर आले की नाही हे पाहायला प्वाझय यांचेच आकडे हाताशी लागले, आणि ते आकडे आजच्या मोजमापांशीही नवल वाटावे इतके जुळतात.

त्यांचे निष्कर्ष १८४० आणि १८४१ या वर्षांत विज्ञान अकादमीपुढे आले. अकादमीने समिती नेमली. तिच्यात त्यांचे जुने अध्यापक आरागो होते, उष्णतेच्या मोजमापात नावाजलेले रेन्यो होते. समितीने काम तपासून अनुकूल अभिप्राय दिला आणि संपूर्ण प्रबंध १८४६ साली छापला गेला. तो अकादमीच्या ज्या ग्रंथमालेत आला, ती बाहेरच्या विद्वानांसाठी होती. बाहेरचा, हा शब्द त्यांना पुढेही चिकटून राहिला. १८४२ साली वैद्यक अकादमीने त्यांना सदस्य केले. विज्ञान अकादमीच्या सदस्यत्वासाठी मात्र त्यांनी एकाहून अधिक वेळा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी ते मागे राहिले. डॉक्टरांच्या दृष्टीने ते काचेच्या नळ्यांत रमलेले, भौतिकवाल्यांच्या दृष्टीने डॉक्टर. जन्माचा त्यात किती वाटा होता हे आम्ही सांगू शकत नाही, आणि पुराव्यावाचून तसे सुचविणे इतिहासाच्या शिक्षकाला शोभणारे नाही. पदक दिले, प्रबंध छापला, खुर्ची दिली नाही, एवढे नोंदवतो.

खाजगी आयुष्याविषयी थोडक्यात. १८२९ साली त्यांचा विवाह झाला. सासरे रस्ते आणि पूल खात्यातील मुख्य अभियंता होते. प्वाझय यांनी पुढेही अल्कोहोल, ईथर, क्षारांची द्रावणे यांच्या प्रवाहावर आणि श्वसन व रक्त यांच्या प्रश्नांवर काम चालू ठेवले, परंतु नळ्यांवरील प्रबंधाची उंची पुन्हा गाठली नाही.

उतारवयात, १८६० च्या सुमारास, त्यांच्याकडे एक वेगळेच काम आले. पॅरिस परिसरातील प्राथमिक शाळांच्या आरोग्यव्यवस्थेचे निरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. मोठ्या चरित्रकोशांत ही नोंद एका ओळीत उरकलेली असते. ज्यांनी निवासी शाळेत चाळीस मुलांच्या खोलीत उन्हाळा काढला आहे, नाहणीपुढच्या रांगेत पहाटे उभे राहिले आहेत, एका मुलाची खरूज आठवड्यात साऱ्या वसतिगृहाला कशी होते हे पाहिले आहे, ते या ओळीपाशी थांबतील. साठी ओलांडलेला हा डॉक्टर, ज्याचे नाव भौतिकीच्या ग्रंथांत शिरू लागले होते, शाळांच्या खोल्यांतील स्वच्छता पाहत हिंडत होता. स्वतः तो एका राजाज्ञेने शाळेबाहेर पडलेला विद्यार्थी होता. पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली त्याला तेव्हा बारा वर्षे झाली होती.

२६ डिसेंबर १८६९ रोजी पॅरिस येथेच प्वाझय यांचे निधन झाले. वय ७२ वर्षांचे होते.

त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, १९१३ साली, श्यानतेच्या एककाला त्यांचे नाव द्यावे अशी सूचना पुढे आली आणि ती मान्य झाली. संपूर्ण नाव लांब पडत असल्याने पहिला तुकडा ठेवला : पॉइज. वीस अंश तापमानाच्या पाण्याची श्यानता जवळजवळ एक सेंटिपॉइज भरते, म्हणजे त्या एककाचा शंभरावा भाग. आमचा तो माजी विद्यार्थी सांगतो की मळीची श्यानता नोंदवायची तर आकडा हजारांत जातो आणि त्यापुढे सेंटिपॉइज लिहावे लागते. फळ्यावर त्याने सूत्र लिहिले त्या दिवशी मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. नावाचे स्पेलिंग बहुतेकांचे चुकले आहे, ते आम्ही दुरुस्त करून दिले.